सहावी पाकळी

बर्वेकाकू बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, कानाकडे बघायच्या. उजव्या कानाच्या जरा वर, जिथे केस सुरू होतात तिथे कुठेतरी. पहिल्या भेटीत मी दोनदा कानातलं चाचपून पाहिलं, म्हटलं सुटलं की काय. पिस्कॅटवेच्या मराठी मंडळात त्यांच्याबद्दल एकमत होतं की बाई शिष्ट आहे. "समोरच्याला खिजगणतीत धरत नाही," असं एक वहिनी मला पहिल्याच गणपतीत म्हणाल्या आणि मी ते लगेच मानलं. नवीन गावात आयती मतं बरी पडतात.

हे दोन हजार दोन सालचं. मी नागपूरहून लग्न करून अमेरिकेत आलेली. नवरा, नितीन, सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याच्या कंपनीत दर शुक्रवारी कुणाचं तरी टेबल रिकामं होत होतं. त्याची नोकरी गेली की आमचा दोघांचाही मुक्काम संपणार. मला तर नोकरीची परवानगीच नव्हती. डिपेंडंट विसावरच्या बायकोने राहायचं, कमवायचं नाही. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री सूटकेसच्या तळाशी आणि मी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत. गाडी चालवता येत नव्हती आणि पायी जाण्यासारखं आसपास काही नव्हतं. त्या वर्षी आम्ही दोघंही सतत घाबरलेले असायचो, फक्त एकमेकांना सांगत नव्हतो.

अशात एका हळदीकुंकवाला काकू माझ्या कानाला म्हणाल्या, "घरी बसून काय करतेस? आमच्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर लागतात. पगार नाही, पण चित्रं आहेत. येशील? मी नेईन, मीच आणीन."

मी हो म्हटलं. त्या क्षणी कुणी स्मशानात नेतो म्हटलं असतं तरी मी गेले असते.

काकू मूळच्या मिरजेच्या. तिथे त्या नगरपालिकेच्या शाळेत बाई होत्या, मग काकांच्या नोकरीपायी इकडे आल्या. काका औषधांच्या कंपनीत केमिस्ट होते. ते गेले तेव्हा मुलगा शिरीष कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला, स्थिरावलेला. त्याने आईला सांगितलं, घर वीक आणि इकडे ये. काकूंनी त्याऐवजी शेजारच्या कॉलेजगावातल्या एका छोट्या म्युझियममध्ये गॅलरी राखायची नोकरी धरली. निळा कोट, छातीवर बिल्ला, हातात टॉर्च. साडीवर तो कोट अगदी विचित्र दिसायचा आणि त्यांना तो फार आवडायचा.

त्यांच्याकडे एकच दालन होतं, आणि त्या दालनात एकाच माणसाची अकरा चित्रं. लेओपोल्ड ग्राउबनर, एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रियन चित्रकार, फुलं काढणारा. त्याचं नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही काकूंखेरीज कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. व्हिएन्नाहून पळून आलेल्या कुण्या कुटुंबाने ती चित्रं म्युझियमला देऊन टाकली होती. काकू त्यांना लिओपोल्डराव म्हणायच्या. "लिओपोल्डरावांना आज धूळ फार झाली," किंवा "लिओपोल्डरावांकडे आज शाळेची ट्रिप येणार आहे." घरातल्या सासऱ्यांबद्दल बोलावं तसं.

लिओपोल्डरावांचं चरित्र त्यांना तोंडपाठ होतं. म्युझियमची एक पातळ पुस्तिका होती, ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. पाठांतर हा काकूंचा धर्मच होता. तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, सगळी स्तोत्रं, पिस्कॅटवेतल्या पन्नास घरांचे फोन नंबर. "डोक्यात असलं की कुणी काढून घेऊ शकत नाही," असं त्या म्हणायच्या. चित्रंही पाठ होती. डोळे मिटून सांगायच्या: तिसऱ्या चित्रात डावीकडून चौथ्या गुलाबावर मुंगी आहे, सातव्यात फुलदाणीच्या पोटात खिडकीचं प्रतिबिंब आहे, खिडकीला सहा तावदानं. मी जाऊन मोजायची. बरोबर सहा.

बघायला आलेल्यांना त्या इंग्रजीत सांगायच्या, पण ते इंग्रजी मिरजेच्या शाळेतलं होतं. "ही वॉज अ व्हेरी हार्डवर्किंग बॉय," अशी सुरुवात. विणकराचा मुलगा, बारा वर्षांचा असताना डोंगरातून चालत राजधानीत आला. चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात कपांवर फुलं काढायला बसला. दिवसाला चाळीस कप, सगळ्यांवर तोच गुलाब. तिथून चित्रशाळा, मग सरदार-राजकन्यांची कामं, मग चित्रशाळेतच गुरुजी. दर उन्हाळ्यात डोंगरात जाऊन खरी फुलं समोर ठेवून काढायचा. पाहिल्याशिवाय काढायचं नाही हा त्याचा बाणा. मग कॉलऱ्यात बायको आणि दोन मुली गेल्या. इथे काकूंचा आवाज खाली यायचा. आणि मग त्याचे डोळे.

"ही हिड इट," त्या म्हणायच्या. त्याने लपवलं. नोकरी जाईल, घर जाईल, भाच्याच्या दारात जाऊन बसावं लागेल म्हणून. वर्गात रोजच्यासारखा समोर पेला ठेवून, त्यात फूल ठेवून काढत राहिला. एके दिवशी पोरांनी खऱ्या फुलाच्या जागी कागदाचं फूल ठेवलं. म्हाताऱ्याने ते काढलं, खऱ्यासारखं, वर दवाचे थेंब घालून. सगळा वर्ग हसला. तो टोपी घेऊन घरी गेला आणि परत आला नाही.

हे सांगताना काकू दरवेळी पदर डोळ्यांना लावायच्या. येणाऱ्यांना ते नाटकी वाटत असावं. मलाही वाटायचं.

अकरावं चित्र त्याच्या शेवटच्या दिवसांतलं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर काचेचा पेला, पेल्यात डोंगरातलं एकच निळं फूल, खाली एक गळलेलं पान. पुस्तिकेत लिहिलं होतं की या फुलाला निसर्गात पाच पाकळ्या असतात आणि इथे सहा आहेत, तेव्हा चित्रकाराची नजर पुरती गेल्याचा हाच पुरावा. काकू टॉर्चच्या प्रकाशात एकेक पाकळी मोजून दाखवायच्या, सहावीशी थांबायच्या आणि लहान मुलाची वही तपासावी तशा म्हणायच्या, "ही शुड हॅव लुक्ड." बघायला हवं होतं त्याने.

आता गाडीबद्दल सांगते. काकूंची जुनी पांढरी गाडी होती, आणि त्या डावीकडे वळायच्या नाहीत. कधीच नाही. वीस मिनिटांचा रस्ता आम्ही उजवी वळणं घेत घेत पाऊण तासात कापायचो, तीच फार्मसी दोन बाजूंनी दिसायची. मी घरी येऊन नितीनला सांगायची की आज म्युझियमला प्रदक्षिणा घालून आले. तो हसायचा. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "काकांनी शिकवताना सांगितलं होतं, डावं वळण म्हणजे समोरच्या गाड्यांच्या तोंडात जाणं. कशाला जायचं?"

आणि सारखं मला विचारायच्या. "बघ गं, सिग्नल कुठला आहे? उजवीकडून येतंय का कुणी? ती पुढची गाडी थांबलीय का चाललीय?" मला वाटायचं बाई मास्तरीण आहे, मला रस्ता शिकवतेय. मी हुशार विद्यार्थिनीसारखी पटापट उत्तरं द्यायची. हिरवा, काकू. कुणी नाही, काकू. थांबलीय, काकू. शिकाऊ परवाना काढला तेव्हा तर मी त्यांना पेढे दिले, तुमच्यामुळे शिकले म्हणून.

त्यांच्या लायसन्सचं नूतनीकरण झालं तेव्हा मी बरोबर होते. रांगेत त्या मुद्दाम दोन-तीन जणांना पुढे सोडत होत्या. मला ते सौजन्य वाटलं. मशिनीत बघून अक्षरं वाचायची असतात. पुढची माणसं मोठ्याने वाचत होती. काकूंचा नंबर आला, त्यांनी मशिनीला डोळे लावले आणि खणखणीत आवाजात ओळ म्हणून दाखवली, शाळेत कविता म्हणतात तशी. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काकू, डोळे भारी आहेत तुमचे." त्या हसल्या नाहीत. "पाठांतर चांगलं आहे," म्हणाल्या. मी ते विनोद म्हणून घेतलं.

मग मार्चमधली ती सकाळ. आभाळ भरलेलं, रस्ता ओला. मी पर्समध्ये काहीतरी शोधत होते, म्हणून दोन मिनिटं समोर बघत नव्हते. वर मान केली तर पिवळी स्कूल बस थांबलेली, लाल दिवे उघडमीट करतायत, बसच्या बाजूची थांबा-पाटी बाहेर आलेली, आणि आम्ही त्याच वेगाने चाललोय.

"काकू, बस, थांबा."

त्यांनी ब्रेक दाबला. गाडी घसरत गेली आणि थांबली. बॉनेटच्या पुढे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, गुलाबी कोटातली एक मुलगी उभी होती. सात-आठ वर्षांची. ती रडली नाही की ओरडली नाही, नुसती आमच्याकडे बघत राहिली. तिची आई फुटपाथवरून धावत आली, तिला छातीशी धरलं आणि आमच्या काचेवर तळहात आपटला.

काकूंचे दोन्ही हात अजून चाकावरच होते. "सूर्य डोळ्यावर आला," त्या म्हणाल्या.

आभाळात सूर्य नव्हता. मला ते दिसत होतं, आणि मला दिसतंय हे त्यांना कळत होतं. मी काही बोलले नाही. का, ते आज सरळ सांगते. मला भीती वाटली. त्या गाडीची नाही, गाडी बंद होण्याची. परत त्या खिडकीत जाऊन बसायची भीती त्या मुलीच्या चेहऱ्यापेक्षा मोठी ठरली. त्या दिवसापासून मी पर्स पायाशी ठेवायला लागले आणि रस्त्यावरून नजर हलवली नाही. घरी पोचल्यावर मान आखडलेली असायची. नितीनला सांगितलं नाही. गुलाबी कोट मात्र कुठल्याही दुकानात दिसला की मी वाट बदलायची.

म्युझियममध्ये माझं काम साधं होतं, जुने कागद कॉम्प्युटरवर चढवायचे. त्यात रोजच्या तपासणीचे तक्तेही असायचे. नियम असा होता की दार उघडण्याआधी राखणाऱ्याने टॉर्च भिंतीशी तिरका धरून प्रत्येक चित्र बघायचं. समोरून उजेड टाकला तर काही कळत नाही. बाजूने टाकला की कुठे रंगाचा पापुद्रा उचलला असेल तर त्याची सावली पडते. मग बघितलेलं लिहायचं आणि सही करायची. काकूंच्या सुट्टीचे दिवस सोडले तर ते दालन रोज त्यांच्याकडेच असे.

दोन हजार चारचा तो उन्हाळा पावसाळी होता. मी काकूंचे तक्ते चढवत होते. इतर दालनांच्या तक्त्यांवर काय काय लिहिलेलं असायचं: कोपऱ्यात जाळं, चौकटीला ओरखडा पण जुनाच, आज काच पुसली. काकूंच्या तक्त्यावर अकराव्या चित्रासमोर आठ महिने एकच वाक्य होतं. "फ्रेम गुड, सरफेस गुड, नो चेंज." तेच शब्द, तोच क्रम, तेच वळणदार मिरजेचं अक्षर. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. आधी मला हसू आलं. मग हसू तोंडावरच राहिलं, कारण मला ती लायसन्सच्या मशिनीसमोरची ओळ आठवली. ते वाचणं नव्हतं. हेही नव्हतं.

मी टॉर्च घेऊन दालनात गेले. अकराव्या चित्राशी भिंतीलगत धरला. खाली डावीकडे, टेबलक्लॉथच्या घडीवर, त्या गळलेल्या पानाच्या जागी रंग फुगला होता. नखाएवढा फोड, कडा उचललेल्या, आणि चौकटीच्या खालच्या पट्टीवर हिरवट कपचा पडलेला. भिंतीला हात लावला तर ती ओली होती.

काकू दाराशी उभ्या होत्या. पाहुणे अजून यायचे होते. मी त्यांना बोलावलं.

"काकू, इथे बघा जरा."

"कुठे?"

"खाली. पेल्याच्या डावीकडे."

त्यांनी टॉर्च धरला, अगदी नियमाप्रमाणे, तिरका. मान उजवीकडे केली, मग डावीकडे, मग हनुवटी वर करून खालून. चित्र सोडून सगळीकडे बघत होत्या.

"तिथे टेबलक्लॉथची तिसरी घडी आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यावर पान आहे. देठ आपल्याकडे."

"पान अर्धंच राहिलंय, काकू. रंग सुटलाय. कपचा खाली पडलाय."

त्यांनी टॉर्च बंद केला.

"किती दिवस झाले असतील?"

"मला नाही माहीत. पण एका दिवसाचं नाही वाटत."

"मी रोज बघते," त्या म्हणाल्या. आणि मग, अगदी हळू, "बघत नाही गं. मी रोज म्हणते."

मग त्यांनी सगळं सांगितलं, त्या बाकावर बसून, माझ्या कानाकडे बघत. डोळ्याच्या मागचा पडदा मधोमध झिजत चालला होता, दोन्हीकडे. औषध नाही असं डॉक्टर म्हणाले होते. कडेचं राहील, मधलं जाईल. "ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. तुझ्या कानाकडे बघितलं की तुझा चेहरा थोडा दिसतो. सरळ बघितलं तर तू नाहीसच. तिथे राखेसारखा डाग."

"कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून."

"आणि गाडी?"

"गाडीत तू असतेस ना," काकू म्हणाल्या.

मला इतका राग आला की मी उठून उभी राहिले. हळदीकुंकवाला मला का विचारलं, ते मला तेव्हा समजलं. दोन वर्षं मी स्वतःला विद्यार्थिनी समजत होते आणि मी त्यांचे डोळे होते. ती मुलगी गेली असती तर ती आम्ही दोघींनी मारली असती. हे सगळं मी बोलले, मोठ्या आवाजात, म्युझियममध्ये. काकूंनी ऐकून घेतलं.

"तू कुणाला सांगणार आहेस का?" त्यांनी विचारलं. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "शिरीषला कळलं तर तो येऊन उचलून नेईल मला. वरची खोली तयार ठेवलीय त्याने. तिथे मला काही पाठ नाही. जिने किती, दार कुठे. इथे मला सगळं पाठ आहे म्हणून मी माणूस आहे. तिथे मी आंधळी होईन."

मला कुणालाच सांगायचं नव्हतं, हे खरं आहे. मी म्हणणार होते की आपण म्हणू, कालपर्यंत ठीक होतं. एवढं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. काकूंनी ते येऊ दिलं नाही. उठल्या, भिंतीला हात लावत लावत रूथच्या खोलीत गेल्या. रूथ ही आमची मुख्य, सत्तरीची, कडक बाई. काकूंनी आजचा तक्ता मागितला आणि तिच्यासमोर उभ्यानेच लिहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते अक्षर वाकडं आलं, ओळ खाली उतरत गेली. "टुडे आय डिड नॉट सी. बिफोर टुडे ऑल्सो आय डिड नॉट सी." खाली पूर्ण नावाची सही. मग कोट काढला, घडी घातली, त्यावर टॉर्च आणि बिल्ला ठेवला.

रूथने तो कागद दोनदा वाचला. तिचे डोळे भरले, पण ती आधी धावली ती चित्राकडे, आणि तेच बरोबर होतं. तासाभरात चित्र भिंतीवरून उतरलं. उरलेल्या भागाला वेळेत हात लागला, असं नंतर कळलं. त्या पानाचा अर्धा रंग गेला तो गेलाच.

पार्किंगमध्ये काकूंनी किल्ली माझ्या हातात ठेवली. माझ्याकडे शिकाऊ परवाना होता, शेजारी लायसन्सवालं माणूस हवं असा कायदा. लायसन्सवालं माणूस शेजारी होतं. पहिल्या चौकात मी सवयीने उजवीकडचा दिवा लावला.

"डावीकडे वळ," काकू म्हणाल्या. "सरळ घरी जाऊ. तुला समोरचं दिसतंय."

मी वळले. समोरच्या गाड्यांची रांग अंगावर येतेय असं वाटलं, पण त्या सगळ्या थांबलेल्या होत्या. काकूंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि दोन्ही हातांनी सीटबेल्ट धरला होता. घर सतरा मिनिटांत आलं. त्या दिवशी मला रडू आलं ते त्या सतरा मिनिटांमुळे.

आठवड्याच्या आत शिरीष आला. तो वाईट माणूस नव्हता, नुसता घाईत होता. "आई, यू कुड हॅव किल्ड समवन," एवढं एकदाच म्हणाला आणि मग खोकी भरायला लागला. काकू खुर्चीत बसून होत्या. कुठल्या खोक्यात काय चाललंय ते विचारत होत्या आणि पाठ करत होत्या. मला निरोप देताना म्हणाल्या, "रागावू नको." मी म्हटलं, रागावले नाही. ते पूर्ण खरं नव्हतं.

त्यानंतर फोन होत राहिले. मला पुढे वर्क परमिट मिळालं, मी एका छोट्या कंपनीत लागले, डावीकडे-उजवीकडे कुठेही वळायला लागले. दोन हजार आठच्या वसंतात नितीनचं सनीव्हेलला काम निघालं आणि मीही गेले. निघायच्या आधी रूथने एक पाकीट दिलं होतं. दुरुस्त होऊन परत आलेल्या अकराव्या चित्राचा मोठा फोटो, सोबत चिठ्ठी. मी फोटो वरवर बघितला. फूल, पेला, टेबलक्लॉथ. पाठच होतं. चिठ्ठी पाकिटातच राहिली.

दुपारची वेळ होती. शिरीषच्या घरामागे लिंबाचं झाड होतं, त्याखाली काकू बसल्या होत्या. नात माझ्यापुढे जाऊन ओरडली, "आजी, युअर फ्रेंड इज हिअर." काकूंनी मान वळवली. मी सवयीने कान पुढे केला, पण त्या कानाकडेही बघत नव्हत्या. माझ्या दोन हात बाजूला, कुंपणाकडे बघत होत्या.

"कडेचंही जायला लागलंय," त्या म्हणाल्या. जिना बारा पायऱ्यांचा आहे, झाड दारापासून एकवीस पावलांवर आहे, हेही सांगितलं. मग माझा हात धरला. "रोज दुपारी मी अकराही चित्रं म्हणते. पहिल्यापासून. तेवढंच आहे माझ्याजवळ बघायला. पण हल्ली भीती वाटते गं. पूर्वी पकडले जायची भीती होती. आता वाटतं, म्हणता म्हणता एखादी मुंगी गळली, एखादं तावदान जास्तीचं आलं, तर मला सांगणार कोण? आतल्या आत सगळं खोटं होऊन जाईल आणि मला कळणारही नाही."

मी पाकीट काढलं. म्हटलं, अकराव्याचा फोटो आणलाय, दुरुस्त झालंय. त्या ताठ बसल्या.

"सांग."

"पांढरा टेबलक्लॉथ," मी म्हटलं, "काचेचा पेला, अर्ध्यापर्यंत पाणी. एक निळं फूल, सहा पाकळ्या..."

"बघून सांगतेस की पाठ?"

माझी नजर लिंबाच्या झाडावर होती.

"बघून सांग," काकू म्हणाल्या. बाईंचा आवाज होता तो.

मी फोटो मांडीवर घेतला आणि बोट ठेवून मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. मग बोट अडकलं. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"पाच आहेत, काकू."

"नीट मोज."

"पाचच आहेत."

रूथची चिठ्ठी मग मी तिथेच उघडून वाचून दाखवली. चित्र स्वच्छ करताना फुलावरचा वरचा थर निघाला. मूळ रंगाचा नव्हता तो. चित्रकार गेल्यावर बऱ्याच वर्षांनी कुणीतरी फूल भरगच्च दिसावं म्हणून सहावी पाकळी रंगवली होती. खाली त्याने पाचच काढल्या होत्या. जिथे असायला हव्यात तिथे, बरोबर.

नात आतून पाणी घेऊन आली, ठेवून गेली.

"बोटांनी मोजल्या असतील त्याने," मग काकू म्हणाल्या. "दिसत नव्हतं तर फूल हातात घेतलं असेल. आणि मी आठ वर्षं लोकांना सांगितलं की तो न बघता काढत होता." मग माझा हात त्यांनी घट्ट केला. "बाकीच्या दहांचे फोटो आणलेस?"

"नाही, काकू. एकच दिला होता."

"मग त्यात माझं काय काय चुकलं असेल?"

पाठवते म्हटलं सगळे फोटो, फोनवर बघून बघून सांगेन म्हटलं. त्या बरं म्हणाल्या. फोटोंचं पाकीट पोस्टात पडायच्या आधीच काकू गेल्याचा शिरीषचा फोन आला, त्यामुळे तो निरोप शेवटचा ठरला.

त्या दुपारी गाडीपर्यंत आल्यावर मी वळून बघितलं. कुंपणाच्या फटीतून त्या दिसत होत्या, झाडाखाली, ताठ. कुणीतरी देवाच्या ताटातलं जास्वंदीचं फूल त्यांच्या मांडीवर ठेवलं असावं, किंवा त्यांनीच मागून घेतलं असेल. मान कुंपणाकडे, डोळे कुठेच नाहीत, आणि बोट एकेका पाकळीवरून फिरत होतं. पाचव्या पाकळीशी ते थांबायचं, थोडा वेळ तिथेच राहायचं, आणि पुन्हा पहिलीपासून सुरू व्हायचं.